मुदतीच्या तापाची लपाछपी

"डॉक्टरसाहेब, औषध चालू करून तीन दिवस झाले. पोरीचा ताप काही हलत नाही. औषध लागू पडत नसेल तर तसं सांगा, आम्ही जिल्ह्याला नेतो."

पावसाळा सुरू झाला, की हे वाक्य माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी कानावर येते. गेल्या आठवड्यात ते एका नववीतल्या मुलीच्या वडिलांनी ऐकवले. त्यांचेही काही चुकत नव्हते. साध्या सर्दीतापाला गोळी घेतली की माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो, हा आपल्या सर्वांचा अनुभव. मग टायफॉइडलाच असे काय सोने लागले आहे, की महागडी औषधे पोटात जाऊनही पारा १०३ च्या खाली येऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी नीट देत नसे. "थोडा धीर धरा," एवढे म्हणून पुढच्या रुग्णाला हाक मारीत असे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा असाच चौथ्या दिवशी माझ्याकडून उठून गेला. दुसरीकडे औषध बदलले, दोन दिवसांत ताप उतरला. तो तसाही उतरणारच होता. बरे वाटल्यावर त्याने गोळ्या बंद केल्या. ताप पुन्हा चढला तेव्हा घरच्या घरी क्रोसिन घेत राहिला. आजाराच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्याला माझ्या दारात आणले, तेव्हा पोट पाटासारखे कडक झाले होते. आतड्याला भोक पडले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया होऊन मुलगा वाचला, पण त्यापायी बापाला जमिनीचा तुकडा विकावा लागला. गोळ्या चौदा दिवस का घ्यायच्या, हे मी त्या मुलाला पाच मिनिटे समोर बसवून सांगितले असते तर? ती राहून गेलेली पाच मिनिटे आज या सदरात खर्च करतो.

टायफॉइडला आपल्याकडे विषमज्वर म्हणतात आणि बोलीत मुदतीचा ताप. औषधे नव्हती त्या काळी हा ताप तीन-चार आठवडे आपली मुदत पुरी करूनच जायचा, आणि दर दहा रुग्णांतला एक तरी, कधी दोन, सोबत घेऊन जायचा. याचे कारण असलेला जंतू १८८० साली एबर्थ या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. या जंतूच्या घराण्याला साल्मोनेला म्हणतात. नावावरून कोणाला सॅमन मासा आठवेल, पण माशाचा यात काही दोष नाही. सॅमन नावाचे एक अमेरिकन पशुवैद्य होते, त्यांचे नाव या घराण्याला मिळाले.

या घराण्यात भावंडे पुष्कळ आहेत. कच्ची अंडी, अर्धवट शिजलेले कोंबडीचे मांस यांतून जी विषबाधा होते, ती बरेचदा यांपैकीच काही भावंडांमुळे. ती मंडळी दरोडेखोरासारखी येतात. खाल्ल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आतच उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. शरीराला लगेच कळते की घरात कोणी घुसले आहे. आतड्याला सूज येते, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि बहुतेक धडधाकट माणसे आठवड्याच्या आत बरी होतात. टायफॉइडचा जंतू मात्र मुरलेला चोर आहे. तो पावलांचा आवाज न करता येतो आणि एक-दोन आठवडे घरात राहून जातो, तरी घरमालकाला पत्ता लागत नाही. आणखी एक म्हणजे तो फक्त माणसातच राहतो. गाय, म्हैस, कोंबडी कोणालाही हा रोग होत नाही. म्हणजे टायफॉइडचा प्रत्येक रुग्ण हा कोणत्या ना कोणत्या माणसाच्या विष्ठेतून, क्वचित लघवीतून, निघालेला जंतू तोंडावाटे पोटात गेल्यामुळेच आजारी पडलेला असतो. हे वाक्य जेवताना वाचत असाल तर क्षमा असावी, पण ते खरे आहे.

पोटात गेल्यावर पहिला नाका लागतो जठरातील आम्लाचा. लिंबाच्या रसापेक्षाही जहाल असे हे आम्ल बहुतेक जंतूंना तिथेच मारून टाकते. अमेरिकेत १९६० च्या दशकात मेरीलँड येथे काही स्वयंसेवकांना मुद्दाम टायफॉइडचे जंतू पाजण्यात आले होते. एक हजार जंतू पाजले तेव्हा कोणीही आजारी पडले नाही. एक लाख पाजले तेव्हा सुमारे चौथाई माणसे आजारी पडली, आणि एक कोटीला निम्मी. पुढे इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे असाच प्रयोग झाला. तिथे जंतूंच्या आधी खाण्याचा सोडा पाजून जठरातले आम्ल मारले होते. तेव्हा अवघ्या हजार जंतूंनीही निम्म्याहून अधिक लोक आजारी पडले. आता आपल्याकडे पाहा. सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी ॲसिडिटीची गोळी घेणारे मला रोज दहा भेटतात. कोणाच्या सांगण्यावरून सुरू केली ते आठवत नाही, बंद कधी करायची तेही माहीत नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. पण आपल्या नाक्यावरचा पहारेकरी आपणच रजेवर पाठवतो आहोत, हे उगाच घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

नाका ओलांडला की जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात येतो. तिथे आतड्याच्या भिंतीत संरक्षक पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात. पेयर नावाच्या स्विस वैद्याने त्यांचे वर्णन सतराव्या शतकात केले, म्हणून त्यांना पेयरचे पुंजके म्हणतात. यांना आपण पोलीस चौक्या म्हणू. अन्नातून काय काय येते आहे याचा नमुना आत घेऊन तपासायचा, हे या चौक्यांचे काम. त्यासाठी चौकीच्या दाराशी खास पेशी बसवलेल्या असतात. चोर नेमका याच दाराने आत शिरतो.

शिरण्याची युक्तीही अजब आहे. या जंतूच्या अंगावर अतिसूक्ष्म सुया असतात, आमच्या इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ. त्यांचे छायाचित्र १९९८ साली प्रथमच प्रसिद्ध झाले, तेव्हा ते पाहून मी थक्क झालो होतो. पेशीला चिकटून जंतू या सुईतून आपली प्रथिने तिच्यात टोचतो. त्या प्रथिनांमुळे पेशीची कातडी जणू उकळी फुटल्यासारखी वर उसळते आणि जंतूला लपेटून आत घेते. दार फोडायची गरजच नाही, घरमालकच कडी काढून देतो.

आत आल्यावर चोराने वेश बदलला नाही तर पकडला जाईल. आपल्या संरक्षक पेशी जंतूंना दोन-तीन ठरावीक खुणांवरून ओळखतात. एक खूण म्हणजे जंतूच्या बाह्य आवरणातील विषारी चरबी, दुसरी म्हणजे त्याची पोहण्याची शेपटी. टायफॉइडचा जंतू आतड्याच्या पोकळीतून शरीराच्या आत येताच तिथली क्षारांची पातळी निराळी आहे हे ओळखतो. मग तो शेपट्या बनवणे कमी करतो आणि अंगावर साखरेच्या साखळ्यांचा एक गुळगुळीत कोट चढवतो. या कोटाला व्हीआय म्हणतात. १९३४ साली त्याचा शोध लागला. कोटाखाली बाकीच्या खुणा झाकल्या जातात. रक्तातील जी प्रथिने जंतूला चिकटून पांढऱ्या पेशींना 'हा पाहा चोर' असे दाखवतात, त्यांनाही नीट चिकटता येत नाही. परिणामी जिथे धावाधाव व्हायला हवी होती, तिथे शांतता. म्हणूनच टायफॉइडच्या सुरुवातीला मोठ्या माणसांना जुलाब होतातच असे नाही, उलट पुष्कळांना मलावरोध असतो.

आता सर्वांत मोठी चलाखी. शरीरात जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी असतात, त्यांना भक्षक पेशी म्हणू. त्या जंतूला गिळतात, एका पिशवीत बंद करतात आणि त्या पिशवीत पाचक रस सोडून त्याचा फडशा पाडतात. टायफॉइडच्या जंतूला या पेशी गिळतात खऱ्या, पण पिशवीच्या आत बसून हा पठ्ठ्या दुसऱ्या प्रकारच्या सुया काढतो. पिशवीच्या भिंतीतून तो अशी प्रथिने बाहेर सोडतो, की पाचक रसाच्या थैल्या पिशवीपर्यंत नीट पोचतच नाहीत. तुरुंगाची कोठडी त्याची खोली होते. तिथेच तो खातो आणि वाढतो. या भक्षक पेशी तर शरीरभर गस्त घालणाऱ्या. त्यांच्यात बसून तो यकृत, प्लीहा आणि हाडांतील मगज इथपर्यंत जातो. पोलिसांच्याच गाडीतून चोर गावभर फिरावा, तसला हा प्रकार.

हे सगळे होत असताना रुग्ण ठणठणीत असतो. शेतात जातो, परीक्षेचा अभ्यास करतो. साधारण आठ ते चौदा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, या अवयवांत भरपूर वाढलेले जंतू रक्तात उतरतात, आणि मग ताप येतो. तो हळूहळू, रोज थोडा थोडा चढत जातो. डोके दुखते, जीभ पांढरट होते, जेवणावरची वासना जाते, प्लीहा हाताला लागू लागते. गंमत म्हणजे ताप १०३ असतानाही नाडी त्या मानाने कमीच असते. त्यामुळे मुलाने पंधरा दिवसांपूर्वी जत्रेत काय खाल्ले हे कोणाला आठवत नाही, आणि बिचाऱ्या काल रात्रीच्या भेळेवर आळ येतो.

आता त्या मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. औषध रक्तात पोचते, पण चोर रक्तात नाही, तो बहुतांशी पेशींच्या आत दडलेला आहे. काही औषधे पेशीच्या आत चांगली शिरतात, ॲझिथ्रोमायसिन त्यांपैकी एक. काही तितकीशी शिरत नाहीत. सेफ्ट्रिॲक्झोनचे इंजेक्शन हे प्रभावी औषध आहे, पण ते पेशीच्या आत कमी जाते, त्यामुळे ताप उतरायला वेळ लागतो. योग्य औषध योग्य मात्रेत दिले तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस, कधी आठवडाही लागतो. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणजे औषध चुकले, असे नव्हे. भूक परतते आहे का, दोन तापांमधले अंतर वाढते आहे का, चढणारा पारा रोज थोडा कमी चढतो आहे का, हे आम्ही पाहतो. म्हणूनच घरच्यांना सांगतो, की भिंतीवरच्या कालनिर्णयावर सकाळ-दुपार-संध्याकाळचा ताप लिहून ठेवा.

आणि ताप उतरला म्हणजे चोर पळाला असेही नाही. प्लीहेत, मगजात काही जंतू शिल्लक असतातच. अर्ध्यावर औषध सोडले की ते पुन्हा डोके वर काढतात. पूर्ण औषध घेऊनही शंभरातल्या पाच-दहा जणांना दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटू शकतो, मग अर्धे घेणाऱ्यांचे काय सांगावे! औषध कोणते यावर सात, दहा किंवा चौदा दिवस हे ठरते. ते ठरवणे डॉक्टरांवर सोडा.

आतड्याला भोक पडते ते कसे, हेही सांगायला हवे. यकृतातील जंतू पित्ताबरोबर पित्ताशयात आणि तिथून पुन्हा लहान आतड्यात येतात. पेयरच्या चौक्यांवर हा दुसरा हल्ला. पण या वेळी चौक्या जाग्या झालेल्या असतात. जोराची सूज येते, तिथली त्वचा मरते, जखमा होतात. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एखादी जखम खोल जाऊन रक्तस्राव होतो किंवा आतडे फुटते. टायफॉइडच्या रुग्णाला एकाएकी पोटात जोराची कळ आली, पोट कडक झाले, काळी किंवा रक्ताची शौचाला झाली, किंवा तो असंबद्ध बडबडू लागला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. त्याच पावली मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आतड्यात जखमा असतात म्हणून पूर्वी रुग्णाला उपाशी ठेवीत. माझ्या आजीच्या काळी ताप निघेपर्यंत नुसती पेज मिळे. आता तसे करू नये, रुग्ण खंगतो. मऊ भात, मुगाचे वरण, केळे, उकडलेला बटाटा, पचेल तेवढे दूध, अंडे खाणाऱ्याला नीट उकडलेले अंडे, सर्व चालते. तिखट, तळलेले मात्र काही दिवस नको. आणि तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला सलाईनची बाटली लावून ताप उतरत नाही, हे मी कितीदा सांगू? बाटली लावली नाही म्हणून रुसून गेलेले रुग्ण माझ्या खात्यावर बरेच आहेत.

तपासणीबद्दल थोडे. विडाल ही तपासणी १८९६ सालची आहे, आणि आपल्याकडे अजून तिच्यावर फार भरवसा. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. पहिल्या आठवड्यात ती तयार झालेली नसतात, त्यामुळे टायफॉइड असून विडाल कोरी येते. उलट पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा मलेरियासारखा दुसराच ताप असेल, तरी ती दाखवू शकते. "डॉक्टर, मला वर्षातून चार वेळा टायफॉइड होतो," असे सांगणाऱ्याच्या पिशवीत विडालचे चार कागद असतात, बाकी काही नसते. खरी तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी. इथेही जंतूची लपाछपी आडवी येते. पुष्कळ रुग्णांच्या एक मिलिलिटर रक्तात एखादाच जिवंत जंतू सापडतो. त्यामुळे मोठ्या माणसाचे दहा मिलिलिटर रक्त घ्यावे लागते, आणि तरीही साधारण निम्म्याच रुग्णांत जंतू हाती लागतो. तेव्हा जास्त रक्त काढले म्हणून प्रयोगशाळेतल्या मुलावर डोळे वटारू नयेत.

कल्चरचा आग्रह आता जास्त धरावा लागतो. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि टायफॉइडची भीती निम्मी झाली. आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा, १९९० च्या सुमारास, तेच औषध रुग्णांना लागू पडेनासे झाले. त्याबरोबर आणखी दोन जुनी औषधे गेली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. ते इतके स्वस्त आणि इतके बेफाम वापरले गेले, की दहा-पंधरा वर्षांत तेही बोथट झाले. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांतात असा टायफॉइड पसरला, ज्यावर सेफ्ट्रिॲक्झोनही चालत नाही. तोंडाने घ्यायचे एक ॲझिथ्रोमायसिन तेवढे उरले. आणि आपण घसा दुखला, नाक गळले तरी दुकानातून त्याच ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणतो.

चोराच्या कोटाचा एक चांगला उपयोग मात्र झाला. त्याच व्हीआय कोटाची साखर काढून, ती धनुर्वाताच्या लसीतील प्रथिनाला जोडून हैदराबाद येथे लस तयार झाली. नुसत्या साखरेची लस पूर्वीही होती, पण ती दोन वर्षांखालील मुलांना लागू पडत नसे. ही नवी लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. नेपाळमध्ये मुलांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या वर्षात तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिले. आपल्या नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्येच मोहीम काढून लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. घरात लहान मूल असेल तर बालरोगतज्ज्ञांना या लसीबद्दल अवश्य विचारा.

बऱ्या झालेल्या शंभर रुग्णांपैकी दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षे राहतो. पित्ताचे खडे असतील तर त्यांवर थर करून बसतो. स्त्रियांत हे अधिक आढळते. माणूस अगदी निरोगी दिसतो आणि शौचावाटे जंतू टाकत राहतो. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. ती ज्या ज्या घरी कामाला गेली, त्यांतल्या बहुतेक घरांत टायफॉइड झाला. १९०७ मध्ये तिचा छडा लागला. स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये तिला सोडले. नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली, १९१५ मध्ये पुन्हा पकडली गेली आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत एका बेटावर एकटी राहिली. मला तिची दयाच येते, कारण आपण निरोगी आहोत याची तिला मनापासून खात्री होती. लग्नाचे आचारी, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बायका, गाड्यावरची मुले यांना टायफॉइड होऊन गेला असेल, तर कामावर परतण्यापूर्वी शौचाची तपासणी करून घ्यावी, आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणे ही तर सर्वांनाच लागू असलेली गोष्ट.

पाण्याचे तर काय बोलावे. चार दिवसांनी नळ येतो. पाणी बंद असताना जुन्या पाइपात गटाराचे पाणी शिरते, आणि नळ सुटला की पहिला हंडा तेच घेऊन येतो. पहिली दहा मिनिटे आलेले पाणी प्यायला भरू नका. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळा, किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मेले असे समजू नका. रसवंतीतला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे मालकाला एकदा विचारून पाहा, उत्तर ऐकण्यासारखे असते.

मुलीच्या वडिलांना हे सारे मी थोडक्यात सांगितले. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे दोन दिवस अजून बघू म्हणता?" मी हो म्हटले. पाचव्या दिवशी सकाळी पोरीचा पारा ९९ वर होता आणि तिने भाकरी मागितली होती. गोळ्या अजून नऊ दिवसांच्या बाकी आहेत. त्या तिची आई स्वतःच्या हाताने देणार आहे.